नाईकाची टाच

डोंगरांच्या एका राज्यात, जिथं चाक चालत नसे आणि घोडाही पाय जपून टाकत असे अशा वाटांवर, पालखी वाहणाऱ्या भोयांचा एक नाईक होता. पालखीचा पुढचा खांदा त्याचा. तो त्याला बापाकडून आला होता. भोयांमध्ये पुढचा खांदा म्हणजे मानाची जागा. वाट त्यानं बघायची, दगड-खड्डा त्यानं ओरडून सांगायचा आणि मागच्यांनी त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकायचं.

या नाईकाला सवड म्हणून नव्हती. आज राजाची पालखी, उद्या देवाची, परवा कुणाच्या नवरीची. कुणीही दारात येऊन हाक मारली की हा उठला. भाकरी चालता चालता खायची, पाणी दुसऱ्यानं ओंजळीत ओतलं तर प्यायचं, आणि निजायचं ते भिंतीला टेकल्या टेकल्या. अंघोळ म्हणजे वाटेत पाऊस लागला तर तीच.

घाटमाथ्यावर झऱ्याच्या कडेला एक चौथरा होता. जुन्या भोयांनी तो बांधून ठेवला होता. रीत अशी, की चढ संपला की पालखी त्या चौथऱ्यावर टेकायची, झऱ्यावर पाय धुवायचे, बसून भाकरी खायची आणि उठताना खांदे पालटायचे. उजवीकडचा डावीकडे, पुढचा मागे, मागचा पुढे. मग उतार धरायचा.

पण एकदा काय झालं, राजा घाईत होता आणि नाईकानं न थांबता त्याला पलीकडं पोचवलं. राजा खूश झाला. सगळ्यांदेखत म्हणाला, "नाईक, तुझं अंग माणसाचं नाही. लोखंडाचं आहे."

झालं. शाबासकी कानात गेली ती परत बाहेर आलीच नाही. त्या दिवसापासून नाईक चौथऱ्यावर थांबेना. कुणी त्या बाजूला नुसतं बघितलं तरी म्हणायचा, "दमलात? बायकांना डोलीत बसवतात, तुम्हालाही बसवू का?" मग कोण थांबतोय. सगळे गडी मान खाली घालून त्याच्यामागं उतार उतरायचे. चौथऱ्यावर गवत माजलं.

संध्याकाळी घरी आला की नाईक पालखीचा दांडा पुसायचा आणि त्याला तेल पाजायचा. चोळून चोळून. आणि त्याच वेळी त्याच्या टाचा अशा फाटल्या होत्या, की उंबऱ्यावर रक्ताचे डाग पडत होते.

बायको म्हणायची, "लाकडाला तेल आणि टाचेला चिंधी. कुठल्या देवानं सांगितलं हे?"

"वेळ कुठं आहे?"

"दांड्याला होता की."

"दांडा राजाचा आहे," नाईक म्हणायचा. "आणि पाय चोळत बसणं हे बायकी काम आहे."

बायकी काम म्हणे. जसे काही पाय बायकांनाच दिलेत आणि पुरुष दांड्यावर चालतात. पण असं म्हणणारा हा एकटाच नव्हता. त्या राज्यातले झाडून सगळे पुरुष असंच म्हणायचे आणि पन्नाशीच्या आत काठीला यायचे, आणि त्यालाही मर्दानगी म्हणायचे.

एक दिवस राज्याचा कारभारी पालखीतून पलीकडं निघाला. कारभाऱ्याला घाई असायची, ती कसली हे त्यालाही सांगता आलं नसतं. नाईक पुढं, त्याच्या लगेच मागं त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चढ चढले. चौथरा आला तशी मेहुण्यानं हळूच हाक दिली, "दाजी?"

नाईकानं मानही वळवली नाही. पालखी पुढं गेली.

उतारावर एक वळण आहे. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. तिथं नाईकानं पाय टाकला आणि टाचेतली भेग एखादं कापड फाटावं तशी वरपर्यंत फाटली. पाय दुमडला. नाईक गुडघ्यावर आला आणि दांड्याचं सगळं ओझं मागच्या मेहुण्याच्या मानेवर बसलं. मेहुण्यानं पालखी सोडली नाही. सोडली असती तर खांदा वाचला असता. त्यानं ती दाबून धरली आणि त्याच्या खांद्याचं हाड कडकन मोडलं. पालखी कड्याला घासून थांबली. कारभाऱ्याची पगडी तेवढी घरंगळत दरीत गेली.

"हा मागचा अडखळला," कारभारी बोडक्या डोक्यानं बाहेर येऊन ओरडला. "याला हाकला."

"तो नाही अडखळला," नाईक म्हणाला. "माझी टाच गेली."

"तुझी? तू तर लोखंडाचा ना?" कारभारी म्हणाला. आणि ते राज्यभर झालं. पाणवठ्यावर, बाजारात, देवळात. लोखंड गंजलं, लोखंड वाकलं. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच जास्त हसले.

हाडवैद्यानं मेहुण्याचा खांदा बांबूच्या कामट्या लावून बांधला आणि सांगितलं, पीक कापणीला येईपर्यंत याला उचलू देऊ नका. मेहुणा बहिणीच्याच घरी राहिला. ओटीवर एका कडेला तो पडलेला, दुसऱ्या कडेला पाय सुजवून नाईक बसलेला. मधून नाईकीण जायची-यायची. ती नवऱ्याशी बोलत नव्हती.

शेवटी नाईकच म्हणाला, "बोल की काहीतरी. शिव्या दे."

"शिव्या कशाला देऊ? एवढी वर्षं सांगितलं ते शिव्यांसारखंच ऐकलंत ना?"

"मग आता सांग."

"आता सांगते ते तुमच्यासाठी नाही. माझ्या भावासाठी. तुमची टाच गेली आणि हाड त्याचं मोडलं. तुम्ही तुमच्या अंगाची माती केलीत तर ती तुमची, असं वाटत होतं मला. तसं नसतं. ते ओझं कुठंतरी जाऊन पडतं. दर खेपेला शेजारच्याच्या मानेवर."

मग मेहुणाच हळू म्हणाला, "दाजी, माझा खांदा पडायच्या आधीपासून दुखत होता. सगळ्यांचंच काही ना काही दुखतंय. तो म्हातारा भोई आहे ना, त्याचा गुडघा रात्रभर ठणकतो. पण तुम्ही थांबत नव्हता. मग आम्ही कुठल्या तोंडानं थांबायचं?"

हे मात्र नाईकाला टाचेपेक्षा जास्त लागलं. त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांच्या वाटचं सोसतोय. आणि निघालं असं, की आपण सगळ्यांच्या वाटची विश्रांती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाईकिणीनं त्याच्यापुढं कोमट पाण्याची घागर आणून ठेवली, मिठाची चिमूट ठेवली, टाच घासायची वज्री ठेवली, आणि कोकमाच्या बियांचं गोठलेलं पांढरं तेल ठेवलं. ठेवलं आणि निघाली.

"लावून देत नाहीस?" नाईकानं विचारलं.

"खांदा मोडलाय तो माझ्या भावाचा. तुमचे दोन्ही हात शाबूत आहेत."

"मला येत नाही."

"दांड्याला येत होतं."

मग काय करतो. बसला. पहिल्या दिवशी वज्री अशी घासली, की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी जरा कळलं, किती घासायचं आणि कुठं सोडायचं. तेल निखाऱ्यावर पातळ करून भेगांत सोडायचं, वरून जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. आणि पायांखाली उशी घेऊन निजायचं, दिवसाढवळ्या, लोक बघत असताना. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. गल्लीतून कुणी गेलं की तो उठून बसायचा, जसा काही चोरी करताना सापडलाय. नाईकीण आतून म्हणायची, "निजा. निजायला काही राजाची परवानगी लागत नाही."

गावातले पुरुष टिंगल करायला मुद्दाम यायचे. "नाईक, पायांना मेंदी कधी काढणार?" एकानं विचारलं.

नाईक पट्टी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू ये. तुझ्याही काढून देतो. चालताना लंगडतोस ते मला दिसतं."

तो माणूस हसत आला होता. जाताना नीट चालायचा प्रयत्न करत गेला.

पण टाच भरण्यापेक्षा जड गेलं ते दारातल्या हाकेला नाही म्हणणं. देवळाचा पुजारी आला, सावकाराचा माणूस आला. आधी नाईकाच्या तोंडातून शब्दच फुटेना. 'नाही' हा एवढासा शब्द, पण जन्मात वापरला नव्हता तो जिभेला अडकत होता. पुजाऱ्याला तो म्हणाला, "देवाला सांगा, पुढच्या पौर्णिमेला येतो. देव थांबतो, घाई मधल्यांनाच असते." पुजारी रागानं निघून गेला. आभाळ काही कोसळलं नाही. नाईकानं वर बघून खात्रीसुद्धा करून घेतली.

पाय बरे झाले. नाईक रोज बसून जेवू लागला, वेळेवर निजू लागला, सकाळी पाय धुऊन तेल लावल्याशिवाय उंबरा ओलांडेना. मेहुण्याचं हाडही जुळलं. पिकं कापून झाली आणि राजाच्या लेकीचं लग्न ठरलं.

सोयरीक घाटापलीकडच्या राजाकडची होती. दोन राज्यांत जुनं वैर होतं, ते या लग्नानं मिटायचं होतं. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरं परतायची वेळ. नवरीची पालखी तोवर मांडवाच्या दारात हवी. मुहूर्त हुकला तर पलीकडचे लोक अपमान मानून मांडव मोडतील, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. राजा आदल्या दिवशीच पुढं गेला होता. पालखीबरोबर तट्टावर बसून कारभारी निघाला, नवी पगडी घालून.

चढ चढून झाला. ऊन डोक्यावर आलं होतं. चौथरा दिसला.

"उतरवा," नाईक म्हणाला.

"कुणी सांगितलं?" कारभारी तट्टू आडवं घालून म्हणाला. "मुहूर्त आहे. चला."

"चौथरा आहे, कारभारीसाहेब. पालखी टेकते इथं."

"गेली कित्येक वर्षं टेकली नाही ती आजच टेकते?"

"गेली कित्येक वर्षं चुकलंच ते."

पालखी चौथऱ्यावर टेकली. नाईक झऱ्याकडं वळला. कारभाऱ्याला आधी खरंच वाटेना. मग त्याचा चेहरा तांबडा झाला. त्यानं तट्टू नाईकाच्या वाटेत घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाईक, नीट ऐक. आत्ता पालखी उचलली नाहीस तर पुढचा खांदा तुझ्याकडून गेला. तुझ्या बापाचा होता, आज्याचा होता. तुझ्यापाशी संपला."

नाईक थांबला. पुढचा खांदा म्हणजे त्याचं घर, त्याचं नाव, गावातली त्याची बसायची जागा. तो गेला तर उद्यापासून तो कुणीच नव्हता. त्यानं उताराकडं बघितलं. ते वळण तिथून दिसत होतं. मग त्यानं मेहुण्याच्या खांद्याकडं बघितलं. हाड जुळलं होतं, पण जुळलं तिथं गाठ राहिली होती, सदऱ्यातूनही दिसणारी.

"घ्या काढून," नाईक म्हणाला. तट्टाला वळसा घालून तो झऱ्यावर गेला, धोतर वर घेतलं आणि पाण्यात पाय सोडून बसला.

कारभारी खांदा बदलायला बरोबर चालणाऱ्या एका भोयाकडं वळला. "तू पुढं हो. आजपासून पुढचा खांदा तुझा."

तो तरणाबांड गडी. जन्मभर त्यानं त्याच जागेकडं डोळे लावले होते. त्यानं पुढच्या दांड्याकडं बघितलं, मग झऱ्याकडं. "साहेब," तो म्हणाला, "माझी भाकरी खायची राहिलीये." आणि गवतावर बसून त्यानं फडकं सोडलं.

"मग तू," कारभारी म्हाताऱ्या भोयाला म्हणाला.

म्हातारा गुडघा धरून आधीच बसला होता. "मला कमी ऐकू येतं," तो म्हणाला.

मेहुण्याला कारभाऱ्यानं विचारलंच नाही. तो आपणहून नाईकाशेजारी जाऊन पाण्यात पाय सोडून बसला.

मग कारभाऱ्यानं बरोबरच्या शिपायांना हुकूम सोडला. शिपाई मजबूत होते, भाला पेलायचे. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि चालू लागले, प्रत्येक जण आपापल्या पावलानं. पालखी सुपात पाखडल्यासारखी हलली. आतून नवरीचा आवाज आला, "ठेवा खाली. ठेवा म्हणते ना."

ठेवली. पडदा सरला आणि राजाची लेक शालू सावरत बाहेर आली. कारभारी म्हणाला, "ताईसाहेब, आपण आत बसा. हे गडी माजलेत."

"माझे पाय आखडलेत," ती म्हणाली. "मीही माजलेय." आणि ती झऱ्यापाशी गेली. "नाईककाका, खरं सांगा. मुहूर्ताला पोचू का आपण? नाही पोचलो तर काय होईल ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

नाईक उठून उभा राहिला. "ठाऊक आहे, ताई. इथून पुढं उतार आहे. उताराला घाई चालत नाही, गुडघे आणि टाचा लागतात. बसून निघालो तर आपण मांडवात पोचू. न बसता निघालो तर कुठं पोचू, ते मी तुम्हाला त्या वळणावर दाखवीन. माझ्या मेहुण्याचं हाड तिथं मोडलंय."

तिनं वळणाकडं बघितलं. मग म्हणाली, "भाकरी आहे का जास्तीची? सकाळपासून सगळे मला नटवतायत, जेवायला कुणी घातलेलं नाही."

म्हाताऱ्या भोयानं, ज्याला कमी ऐकू येत होतं, लगेच अर्धी भाकरी आणि ठेचा पुढं केला.

सगळे जेवले. कारभारी तेवढा तट्टावर बसून राहिला, उन्हात, उपाशी, ताठ. त्याला कुणी खाली बसू नको म्हटलं नव्हतं.

सावली झऱ्यावर आली तसा नाईक उठला. पाय पुसले, टाचांना तेलाचं बोट लावलं. "पालटा," तो म्हणाला. खांदे पालटले. मेहुण्याला त्यानं पुढच्या जागी उभं केलं, चांगल्या खांद्याकडून. आपण मागं झाला. मेहुणा बघत राहिला. "दाजी, हा तर तुमचा."

"उतारावर तुझा. वाट नीट बघ आणि ओरडून सांग."

मेहुण्यानं हाळी दिली आणि पालखी निघाली. धुतलेले, जेवलेले, ताजे पाय एका ठेक्यात पडू लागले. वळणावर कारभारी तट्टावरून उतरून कड्याला हात लावत चालला, पण पालखी डुललीही नाही. आत नवरीला डुलकी लागली होती. घाट उतरून सपाटीला लागले तेव्हा भोयांनी धाव धरली, कारण आता धावण्याइतकं त्यांच्यापाशी शिल्लक होतं. गावाच्या वेशीवर गुरांची धूळ उठत होती. त्या धुळीतूनच पालखी मांडवाच्या दारात उतरली. आतून अंतरपाट आणल्याची हाक आली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. मग कारभाऱ्यानं राजापुढं जाऊन सगळं सांगितलं. हुकूम मोडला, पालखी अडवली, ताईसाहेबांना गवतावर बसवून ठेचा खायला घातला.

राजानं नाईकाला बोलावलं. "खरं आहे हे?"

"खरं आहे, महाराज."

"मी इथं दारात उभा होतो, नाईक. सबंध दिवस. घशाखाली पाणी गेलं नाही माझ्या. दोन राज्यांचं काम होतं. आणि तू पाय धूत बसलास?"

"होय, महाराज. लेक पोचवायची होती."

राजाचे डोळे जागून तारवटलेले होते, उभं राहून राहून पाय सुजले होते, आणि ते त्या नाईकाइतकं कुणालाच ओळखू येत नव्हतं. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढलं. "पोचवलीस ते खरं. घे. पुढचा खांदाही तुझाच."

नाईकानं कडं घेतलं नाही. "खांदा आता आम्ही पालटून घेतो, महाराज. द्यायचंच तर एक वचन द्या. चौथऱ्यावर पालखी टेकणार. बसलेला कुणीही असो, हुकूम कुणाचाही असो."

"आणि मलाच घाई असली तर?"

"तर महाराजांनी चालत पुढं व्हावं."

कारभाऱ्यानं डोळे मिटले. पहिल्यांदा हसू फुटलं ते नवरीला, मग हळूहळू राजाला. हसता हसता राजा खांबाला धरून तिथंच एका पाटावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

मग तो कारभाऱ्याला म्हणाला, "चौथऱ्यावर दगड बसवा. कोरून घ्या."

"काय कोरू, महाराज?" कारभाऱ्यानं विचारलं.

राजानं नाईकाकडं बघितलं.

"एवढंच कोरा," नाईक म्हणाला. "इथं पालखी उतरते. राजाचीसुद्धा."

तात्पर्य, आणि हे कामात बुडालेल्या पुरुषांनी आधी ऐकावं: आपल्या अंगाची निगा राखणं ही चैन नाही आणि बायकी कामही नाही, हातातल्या कामाचाच तो पहिला भाग आहे. तेवढी सवड कुणी देत नसेल, तर मागत उभं राहू नये, बसून घ्यावी.